रेकॉर्ड वाजायला लागली की आपोआप लागणारे दिवे रेकॉर्ड प्लेयरला कसे बसवायचे?

तुमच्याकडे वडिलांचा जुना रेकॉर्ड प्लेयर आहे, त्याच्या खोक्याखाली एलईडीची पट्टी लावायची आहे आणि ती रेकॉर्ड वाजतानाच लागायला हवी. कनेक्शन मोटरवरून घेऊ की आवाजाच्या तारेवरून, असं तुम्ही विचारलंय. माझं मत विचाराल तर दोन्हीकडून नको. आर्म, म्हणजे सुईचा दांडा, आपल्या जागेवरून उठला की दिवे लागतील, असं करा.

मोटरचा धडा मी स्वतः घेतलाय. माझा प्लेयर १२ व्होल्ट डीसीवर चालतो, अडॅप्टर ५०० मिलीअँपचा. मी मोटरच्याच तारांना दोन मीटर पट्टी जोडली. साधी पट्टीसुद्धा मीटरमागे ४०० मिलीअँप खाते, हा हिशेब तेव्हा सुचला नाही. दिवे लागले, घरचे वा वा म्हणाले, पण मोटर मंदावली आणि नाट्यगीत गाणाऱ्या बाईंचा आवाज बघता बघता बुवांचा झाला! तुमची मोटर २३० व्होल्टची असेल, जुन्या प्लेयरमध्ये बहुधा तीच असते, तर तिथे हात घालूच नका. पट्टी जळेल हे एकवेळ चालेल, पण झटका बसेल. आवाजाच्या तारेचं म्हणाल, तर सुईकडून येणारा सिग्नल बऱ्याच प्लेयरमध्ये जेमतेम ३ ते ५ मिलीव्होल्टचा असतो. त्याला काहीही चिकटवलंत की स्पीकरमधून घूंऽऽ सुरू.

म्हणून आर्म. पण आर्मला स्विच टेकवायचा नाही, लोहचुंबक लावायचा नाही. सुईवरचा भार दोनेक ग्रॅमचा, त्यात कसलीही आडकाठी चालत नाही. रोबोट बनवणारी कॉलेजची पोरं अडथळा ओळखायला जो आयआर सेन्सर वापरतात, तो घ्या. बोटाएवढी पट्टी, एका टोकाला दोन डोळे. एक डोळा न दिसणारा प्रकाश सोडतो, दुसरा परत आलेला पकडतो. हा सेन्सर आर्मच्या स्टँडशेजारी, वर तोंड करून बसवा. आर्म स्टँडवर असेल तर प्रकाश परत येतो आणि सेन्सरच्या ‘आउट’ पिनवर शून्य व्होल्ट राहतात. आर्म उचललात की तिथे ५ व्होल्ट येतात. आपल्याला नेमकं हेच हवंय.

त्या पिनेला पट्टी थेट जोडू नका, मध्ये मॉसफेट लागतो, म्हणजे छोट्या सिग्नलवर चालणारा तीन पायांचा इलेक्ट्रॉनिक स्विच. पायांची नावं गेट, सोर्स आणि ड्रेन. दुकानात आयआरएलझेड४४एन मागा. ‘एल’ नीट ऐकवा, नाहीतर हातात आयआरएफझेड४४एन पडेल आणि ५ व्होल्टवर त्याचं गेट पूर्ण उघडत नाही. आउटपासून २२० ओहमचा रेझिस्टर लावून गेटला, सोर्स ग्राउंडला (म्हणजे चार्जरच्या मायनसला), पट्टीची मायनस तार ड्रेनला, प्लस सरळ ५ व्होल्टला. पट्टी ५ व्होल्टचीच घ्या, म्हणजे मोबाइलच्या जुन्या चार्जरवर सगळं चालतं. पॉवर बँक नको. दिवे बंद असताना सेन्सर इतका कमी करंट घेतो की बऱ्याच पॉवर बँका झोपी जातात. आणि या वायरिंगचं ग्राउंड प्लेयरच्या ग्राउंडला जोडायचं नाही, दोन्ही संसार वेगळे ठेवा.

सामान अर्थातच मुंबईतल्या लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात. ग्रँट रोड स्टेशनला पूर्वेला उतरा, पण रविवारी जाऊ नका, बहुतेक दुकानं बंद असतात. मला सगळं मिळून अडीचशेच्या आत पडलं, पट्टी घरात होती.

आता खरा वेळ खाणारा भाग. सेन्सरवर एक छोटा निळा चौकोन असतो, त्यातला स्क्रू फिरवून अंतर ठरवायचं. मी झाकण उघडं ठेवून मस्त सेट केलं, झाकण लावलं आणि दिवे लागेचनात. वरच्या अॅक्रिलिकवरून प्रकाश परत येत होता, सेन्सरला वाटत होतं आर्म जागेवरच आहे. तेव्हा स्क्रू झाकण लावून ठरवा. आर्म काळा असेल किंवा गोल चकचकीत, तर प्रकाश नीट परत येत नाही. खालच्या बाजूला पांढऱ्या टेपचा नखाएवढा तुकडा लावा आणि सुईचा भार पुन्हा तपासा. एवढं करून रात्री छान चाललं. सकाळी पूर्वेच्या खिडकीतून ऊन आलं आणि गाणं चालू असताना दिवे गेले, कारण उन्हातही तोच न दिसणारा प्रकाश असतो. पकडणाऱ्या डोळ्यावर काळ्या हीट श्रिंकची (गरम केली की आकसणारी) सेंटीमीटरभर नळी चढवली, मग थांबलं.

पट्टीमागचा चिकट टेप मुंबईच्या पावसाळ्यात टिकत नाही. जुलैत माझी अर्धी पट्टी लोंबत होती. ग्लू गनचे ठिपके द्या. प्रकाश कमी हवा असेल तर रेझिस्टर टाका, बाजारातले रिमोटवाले डिमर दिवे झपाझप चालू-बंद करून उजेड कमी करतात, त्याची किरकिर आवाजात येऊ शकते.

रेकॉर्ड ठेवायच्या थाळीच्या कडेला वेग तपासायचे ठिपके असतील तर त्यांचं काम या दिव्यांकडून होणार नाही. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, तिच्यावरचा निऑन दिवा सेकंदाला १०० वेळा लुकलुकतो. थाळीवर १८० ठिपके असले की मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांना ते जागच्या जागी उभे दिसतात. चांगल्या डीसी चार्जरवरची एलईडी लुकलुकतच नाही, त्यामुळे वेग बरोबर असला तरी ठिपके पुसटच दिसतील. घाबरून वेगाचा स्क्रू फिरवू नका.

या पद्धतीत सुई टेकायच्या आधीच दिवे लागतात आणि बाजू संपली तरी आर्म परत ठेवेपर्यंत चालूच राहतात. ‘वाजतानाच’ ही तुमची अट थोडी मोडते, पण अंधारात सुरुवातीची मोकळी कड दिसते ती याचमुळे. आणि मला डुलकी लागली की आई स्वयंपाकघरातून ओरडते, “अरे, दिवा चालूय, सुई उचल!”