मुलगी स्पाइक प्रोटीनचं काम करायचं म्हणतेय, पाठवू का?

दादा, तुमचं पत्र दोनदा वाचलं. तासगावकडं तुमची द्राक्षबाग, मुलगी सांगलीत बी.एस्सी. बायोटेकच्या शेवटच्या वर्षाला, आणि ती म्हणतेय मला स्पाइक प्रोटीन, म्हणजे कोरोना व्हायरसच्या अंगावरचे प्रोटीनचे काटे, बनवणाऱ्या लॅबमधे काम करायचंय. 2021 ला तिचे आजोबा कोरोनात गेले, त्यामुळं व्हायरस हा शब्द निघाला तरी तिच्या आईच्या पोटात गोळा येतो, आणि त्यातच पुण्याच्या एका इन्स्टिट्यूटनं नोकरीच्या हमीसकट तीन महिन्यांच्या कोर्सचे 85 हजार सांगितलेत. तुम्ही विचारलंय, पाठवू का सरळ बी.एड.ला घालू.

आधी वहिनींच्या भीतीचं बोलते, कारण ती भीती खरी आहे, घरातलं माणूस गेलंय. पण दादा, या कामात व्हायरस नसतोच. तुम्ही डॉगरिजच्या खुंटावर थॉम्सनचं कलम बांधता, मुळं खुंटाची पण माल थॉम्सनचा. तसंच काहीसं इथं आहे, पेशी दुसऱ्याच कुणाच्या, बहुतेक वेळा लॅबमधे वर्षानुवर्षं वाढवत आलेल्या एचईके 293 (मूळ माणसाच्या) किंवा सीएचओ (मूळ हॅम्स्टर नावाच्या उंदरासारख्या प्राण्याच्या) पेशी, आणि त्यात फक्त स्पाइकचा जीन, म्हणजे ते प्रोटीन बनवायची कृती, घालतात, तो जीनसुद्धा कॉम्प्युटरवरचा सिक्वेन्स, म्हणजे त्याच्या अक्षरांचा क्रम, पाठवून बनवून मिळतो. कोरोनाचा सिक्वेन्स जानेवारी 2020 मधे जाहीर झाला आणि फेब्रुवारीत अमेरिकेत टेक्सासच्या लॅबनं स्पाइकची रचना छापलीसुद्धा, ती अशाच पेशीत बनवलेल्या प्रोटीनवरून. नुसतं प्रोटीन म्हणजे व्हायरसचा एक सुटा भाग, ते वाढत नाही, कुणाला लागण करत नाही. जिवंत कोरोना व्हायरस वाढवायचा तर बीएसएल-3, म्हणजे जैवसुरक्षेच्या तिसऱ्या पातळीची लॅब लागते, पुण्याच्या एनआयव्हीत, म्हणजे राष्ट्रीय विषाणू संस्थेत, तर सगळ्यात वरची बीएसएल-4 पण आहे, तिथं ट्रेनिंगशिवाय कुणाला आत सोडत नाहीत. आणि जीन घालायच्या कामावरसुद्धा प्रत्येक संस्थेत आयबीएससी नावाची जैवसुरक्षा समिती असते. हे वहिनींना मुलीनंच समजावून सांगू दे, तिच्या तोंडून ऐकलं की जास्त पटेल.

आता काम सोपं आहे असं मात्र समजू नका. स्पाइकच्या एका साखळीत 1273 अमिनो आम्लं (प्रोटीनच्या माळेतले मणी), तिच्यावर 22 जागी साखरेच्या फांद्या, आणि अशा तीन साखळ्या एकत्र आल्या की एक स्पाइक. साध्या ई. कोलाय बॅक्टेरियाला त्या साखरेच्या फांद्या लावताच येत नाहीत म्हणून महागड्या पेशी वाढवाव्या लागतात. त्यात हे प्रोटीन स्वभावानंच डगमगतं, पेशीला चिकटताना आकार बदलणं हेच त्याचं काम, त्यामुळं ते हातात स्थिर राहत नाही, मग त्यात दोन जागी प्रोलीन नावाचं ताठ अमिनो आम्ल घालून आकार धरून ठेवला, पुढं सहा प्रोलीनवालं हेक्साप्रो आलं. मला विचाराल तर हा भाग तुमच्या मुलीनं नीट वाचावा, मुलाखतीत इथंच कळतं की पोरगी पाठ करून आलीय का समजून.

रोजचं काम म्हणजे पेशी 37 अंशावर सांभाळायच्या, चार-पाच दिवसांनी प्रोटीन उतरलेलं वरचं पाणी काढायचं, प्रोटीनला हिस टॅग नावाची छोटी शेपटी लावलेली असते म्हणून ते निकेल भरलेल्या नळीला (कॉलमला) धरतं, ते सोडवून घ्यायचं, जेलवर पळवून आकार बरोबर आहे का बघायचं, एलायझा नावाची चाचणी करून ते एसीई2 ला, म्हणजे आपल्या पेशीवर स्पाइक जिथं चिकटतो त्या प्रोटीनला, खरंच चिकटतंय का तपासायचं, मग छोट्या छोट्या नळ्यांत भरून उणे 80 ला ठेवायचं, कारण परत परत वितळवलं की बिघडतं. आणि प्रत्येक लॉटची नोंद. एक्स्पोर्टच्या मालासाठी तुम्ही फवारणीची वही ठेवता ना, कुठलं औषध, किती, कुठल्या तारखेला, आणि एक नोंद चुकली तर कंटेनर अडतो. अगदी तेच. तुम्ही लिहिलंय की ती वही गेली तीन वर्षं मुलगीच लिहितेय. दादा, तुमच्या पत्रातली मला सगळ्यात जास्त आवडलेली ओळ ती आहे.

कामाला मागणी फक्त कोरोनापुरती नाही. टेस्ट किट, अँटीबॉडी तपासणी, लस संशोधन, सगळीकडं अशी प्रोटीन लागतात. सीरमची कोव्होव्हॅक्स कीटकाच्या पेशीत बनवलेल्या स्पाइकवर आहे, हैदराबादच्या बायोलॉजिकल ई ची कॉर्बेव्हॅक्स यीस्टमधे बनवलेल्या आरबीडीवर, म्हणजे स्पाइकच्या पेशीला चिकटणाऱ्या तुकड्यावर.

त्या 85 हजारांच्या कोर्सला मात्र पाठवू नका. काही वर्षांपूर्वी कऱ्हाडच्या एका मुलाला मी अशाच एका कोर्सला जा म्हटलं होतं, तिथं पिपेट (द्रव मोजून घ्यायची नळी) त्याच्या हातात दोनच दिवस आली, बाकी सगळं स्लाइडवर, आणि नोकरी काही लागली नाही. त्याच्या वडिलांनी म्हैस विकली होती. ते माझ्या मनातून जात नाही.

तिला एम.एस्सी. करू द्या. जॅम या एम.एस्सी.च्या प्रवेशपरीक्षेला बायोटेक्नॉलॉजीचा पेपर असतो, परीक्षा फेब्रुवारीत आणि अर्ज आदल्या सप्टेंबर-ऑक्टोबरात, नंतर डीबीटीची, म्हणजे केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाची, गॅट-बी प्रवेशपरीक्षा, त्यातून मिळणाऱ्या बऱ्याच कोर्सना विद्यावेतन पण असतं. नाहीच जमलं तर कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठ आहेच, पण कुठंही ॲडमिशन घेताना एकच विचारा, शेवटच्या वर्षी प्रोजेक्ट लॅबमधे हातानं करायला मिळतो का. पुढं संशोधनासाठीची नेट-जेआरएफ परीक्षा निघाली तर महिना 37 हजार फेलोशिप आहे. एम.एस्सी.नंतर लगेच नोकरी धरली तर सुरुवातीचा पगार बेताचा असतो, हे आत्ताच सांगून ठेवते, नंतर मुलीला बोल लावू नका. बी.एड. कधीही करता येतं, ते दार बंद होत नाही.

ऑक्टोबरच्या फळछाटणीआधी एक दिवस काढून सांगलीला या, वहिनींना पण आणा, आणि मुलीला तिची फवारणीची वही आणायला सांगा, मला बघायचीय.