राउटर घेण्याआधी जरा वायरीकडं बघा

वाचकांचे प्रश्न : घरचं इंटरनेट

खांबावर फायबरची काळी केबल लोंबतीय पण घरात काही येत नाही, अशी पत्रं या वेळी भरपूर आलीत. बहुतेक गावाकडची, जिथं ब्रॉडबँड अजून लँडलाइनच्या तांब्याच्या वायरीवरच चालतंय आणि जुना मोडेम गेला की दुसरा कुठला घ्यायचा हेच कळत नाही, कारण दुकानात सगळा माल आता फायबरवाल्यांसाठीचा. सारखे प्रश्न एकत्र केलेत. नावं छापत नाही, फक्त गाव.

देवरुख : आमचा मोडेम मे महिन्यात वळवाच्या पावसात वीज कडाडली तेव्हा गेला. पुतण्याने ऑनलाइन बघून नवीन राउटर मागवला, चार अँटेना, ड्युअल बँड वगैरे. पण त्यात फोनची वायर बसतच नाही. मागे एक निळं पोर्ट आहे ते मोठं आहे. परत घ्यायची मुदतही संपली. मी निवृत्त शिक्षक, यातलं फार कळत नाही. आता काय करावं?

सर, पुतण्याला ओरडू नका, हा घोळ सगळीकडं होतो. बाजारात "वायफाय राउटर" म्हणून जे मिळतं त्यातले बहुतेक फायबर किंवा केबलवाल्यांच्या कनेक्शनसाठी असतात, त्यांना मागे निळं वॅन पोर्ट (बाहेरून येणारं नेट जोडायचं) असतं आणि त्यात जाड लॅनची पिन म्हणजे आरजे-45 बसते. तुमची फोनची बारीक पिन आरजे-11. ती निळ्या पोर्टात कशीबशी घुसवली तरी काही होणार नाही, कारण फोनच्या वायरीवरचा डीएसएल सिग्नल वाचणारा मोडेम त्या डब्यात मुळात नाहीच. घेताना खोक्यावर "एडीएसएल2+ मोडेम राउटर" (एडीएसएल2+ म्हणजे फोनच्या तांब्याच्या वायरीवरून नेट आणायची पद्धत) असं लिहिलेलं पाहिजे आणि मागच्या फोटोत डीएसएल नावाचं छोटं पोर्ट दिसलं पाहिजे, नुसता मॉडेल नंबर बघून घेऊ नये.

पण आता घेतलाय तो फुकट गेला असं समजू नका. एक साधा, स्वस्तातला एडीएसएल2+ मोडेम घ्या, त्याला वायफाय कसलं का असेना. त्याच्या सेटिंगमध्ये कनेक्शनचा प्रकार "ब्रिज" करायचा, म्हणजे तो फक्त सिग्नल पुढं देतो आणि लॉगिन राउटर करतो, त्याचं वायफाय बंद करायचं आणि त्याच्या लॅन पोर्टातून एक केबल नव्या राउटरच्या निळ्या पोर्टात घालायची. मग नव्या राउटरमध्ये पीपीपीओई (युजरनेम पासवर्डनं लॉगिन करायचा प्रकार) निवडून कंपनीनं दिलेलं युजरनेम पासवर्ड टाकला की झालं. मोडेममध्ये व्हीपीआय आणि व्हीसीआय असे दोन आकडे विचारतात, बीएसएनएलला 0 आणि 35, मुंबईत एमटीएनएलला 0 आणि 32, ते चुकले तर डीएसएलचा दिवा स्थिर लागतो पण नेट येत नाही आणि माणूस उगाच लाइनची तक्रार करत बसतो. या जोडणीचा फायदा असा की उद्या फायबर घरात आलं की फक्त मोडेम काढायचा, पुतण्याने आणलेला राउटर तसाच कामाला येतो. मला विचाराल तर तांब्याच्या लाइनवाल्यांनी आता असंच करावं, मोडेमवर कमीत कमी पैसे घालावेत आणि खर्च करायचाच असला तर पुढच्या राउटरवर करावा. दोन डबे नको असतील तर डीएसएल आणि वॅन दोन्ही चालणारे मोडेम राउटरही निघतात, टीपी-लिंकचा टीडी-डब्ल्यू8968 त्यातलाच, पण दुकानात मिळेलच असं नाही.

आणि ढग गडगडायला लागले की पॉवरचा प्लग काढता, तशी फोनची वायरही काढा. साध्या स्पाइक गार्डनं फक्त विजेची बाजू सांभाळली जाते, मोडेम जळतात ते पुष्कळदा फोनच्या वायरीतून आलेल्या झटक्यानं.

कोरेगाव : दादा माझ्या राउटरवर 300 एमबीपीएस लिहिलंय पण स्पीड टेस्टला 3 च येतो, ऑनलाइन लेक्चर सारखं अडकतं. 1200 वाला घेतला तर किती येईल? बजेट 3000.

तीनच येईल. खोक्यावरचा आकडा राउटर आणि तुझा मोबाइल यांच्यातल्या वायफायचा, आणि तोही कागदावरचा. स्पीडोमीटरवर 140 लिहिलंय म्हणून लालपरी खंबाटकीच्या घाटात 140 नं पळत नाही. तुझा स्पीड ठरतो टेलिफोन एक्स्चेंजपासून घरापर्यंतच्या वायरीवर. एडीएसएल2+ ची कमाल 24 एमबीपीएस, ती पण एक्स्चेंजच्या अगदी जवळ राहणाऱ्याला, नंतर जसं अंतर वाढतं तसं ते उतरत जातं आणि चार पाच किलोमीटरवर दोन चार एमबीपीएस मिळाले तरी लोक खूश असतात.

म्हणून 3000 बाजूला ठेव आणि आधी हे कर. ब्राउझरमध्ये 192.168.1.1 टाक, लॉगिन करून स्टेटसमध्ये डीएसएल किंवा एडीएसएल नावाचं पान उघड. तिथं तीन गोष्टी दिसतील. पहिली डाउनस्ट्रीम रेट, म्हणजे एक्स्चेंजनं तुझ्या मोडेमला प्रत्यक्षात दिलेला वेग. समजा तिथं 3500 केबीपीएस आहे तर स्पीड टेस्टला 3 येणार हे बरोबरच आहे, दहा पंधरा टक्के वाहतुकीतच जातात, कुठलाही राउटर त्यात भर घालू शकत नाही. दुसरी अॅटेन्युएशन, म्हणजे वायरीत सिग्नल किती झिजला. ढोबळ हिशेब किलोमीटरला 14 डीबीचा (डेसिबल, सिग्नल मोजायचं माप), म्हणजे 45 दिसलं तर तू वायरीनं तीन किलोमीटरच्या पुढे आहेस. नकाशावर एक्स्चेंज जवळ दिसेल, पण वायर नकाशावरून जात नाही, ती खांबाखांबानं गाव फिरून येते. तिसरी एसएनआर मार्जिन, म्हणजे वायरीतल्या गोंगाटापेक्षा सिग्नल किती वर आहे. ती 6 डीबीच्या खाली असेल तर लाइन सारखी तुटणार, 10 च्या वर बरं चाललंय म्हणायचं, 20 असलं तर मजा आहे.

आता हे आकडे कागदावर लिही आणि मोडेम उचलून जिथं बाहेरची वायर घरात पहिल्यांदा शिरते त्या डबीला थेट लाव, मधले सगळे एक्स्टेंशन, स्प्लिटर (फोनचा आवाज आणि नेट वेगळं करणारी फिल्टरची डबी), टेप मारलेले जोड बाजूला ठेवून. परत आकडे बघ. मार्जिन पाच सात डीबीनं वाढली तर चोर घरातच आहे. बऱ्याच घरात असं असतं की खालच्या खोलीत एक फोन, वर आजोबांच्या खोलीत एक, आणि स्प्लिटर फक्त मोडेमपाशी. बोलणं 4 किलोहर्ट्झच्या खाली चालतं, डीएसएल साधारण 25 किलोहर्ट्झपासून 2.2 मेगाहर्ट्झपर्यंत, आणि फिल्टर नसलेला प्रत्येक फोन त्यात घाण करतो. स्प्लिटर घराच्या सुरुवातीला एकच बसवायचा, त्याच्या फोनवाल्या पोर्टातून सगळे फोन आणि मोडेमवाल्या पोर्टातून एक सलग वायर मोडेमला. आणि ती वायर म्हणजे दुकानात मिळणारी ती लांबलचक चपटी नको, पिळाची जोडी असलेली घे, लॅन केबलमधली एक जोडी वापरली तरी चालते.

थेट लावूनही आकडे तसेच राहिले तर दोष बाहेरचा. मग फोन उचलून एखादं बटण दाब म्हणजे डायल टोन थांबेल आणि ऐक, खरखर येत असली तर कुठल्यातरी जोडात पाणी गेलंय, पावसाळ्यात हमखास. तक्रार देताना "नेट स्लो आहे" असं सांगू नकोस, "फोनवर खरखर आहे" असं सांग, त्यानं लाइनमन लवकर येतो असा सगळीकडचा अनुभव आहे, कारण फोनची तक्रार त्यांना ऐकून तपासता येते. लेक्चरपुरतं म्हणशील तर लेक्चर चालू असताना घरातल्या बाकीच्या मोबाइलचं वायफाय बंद ठेव. अपलोड एडीएसएलवर आधीच चिमूटभर, त्यात कुणाचे फोटो बॅकअप व्हायला लागले की तुझं लेक्चर अडकलंच.

एक मात्र आहे. लांबच्या लाइनवर सगळे मोडेम सारखे धरत नाहीत, आतल्या चिपप्रमाणं एखादा 5 डीबीलाही चिकटून राहतो आणि एखादा तासातासाला सोडतो. पण हे खोक्यावर कुणी लिहीत नाही, शेजाऱ्याचा मोडेम एक दिवस मागून लावून बघणं हाच उपाय.

कराड : मुलगा स्टुटगार्टला असतो, त्याच्याकडे तिकडचा जुना फ्रिट्झबॉक्स मोडेम राउटर पडून आहे. येताना आणू का विचारतोय. आपल्या लँडलाइनवर चालेल का?

मोडेम म्हणून त्याच्या भरवशावर राहू नका. जर्मनीत आयएसडीएनचे (डिजिटल लँडलाइनचे) फोन फार होते आणि त्या फोनांना खालची फ्रिक्वेन्सी लागायची, म्हणून तिकडचं डीएसएल त्याच्या वरून सुरू केलं, त्याला अॅनेक्स बी म्हणतात. आपल्याकडं अॅनेक्स ए. फक्त अॅनेक्स बी किंवा नंतर आलेलं अॅनेक्स "जे" चालणारा जर्मन डबा आपल्या लाइनला लावला तर दिवा नुसता लुकलुकत बसतो. काही मॉडेलमध्ये सेटिंगमधून ए निवडता येतं, ते त्याला तिथंच बघायला सांगा. पण ब्रिज केलेल्या साध्या मोडेमच्या मागे राउटर म्हणून तो उत्तम चालेल, वर देवरुखच्या सरांना सांगितली तीच जोडणी, फक्त त्यात बऱ्याच मॉडेलला वेगळं निळं पोर्ट नसतं, लॅन 1 लाच वॅन करायचं असतं. व्होल्टेज दोन्हीकडं 230 च, पिन आपल्या सॉकेटमध्ये जरा सैल बसते एवढंच.

तिकडं असे डबे घरोघरी पडून असतात त्याला कारण आहे. 1 ऑगस्ट 2016 पासून तिथल्या कायद्यानं ग्राहकाला स्वतःचा राउटर लावायचा हक्क आहे आणि कंपनीला लॉगिनची माहिती द्यावीच लागते. मुलगा नवीन घेणार असेल आणि त्याचा प्लॅन 250 एमबीपीएसचा व्हीडीएसएल (एडीएसएलपेक्षा वेगवान प्रकार) असेल तर खोक्यावर "सुपरव्हेक्टरिंग 35बी" लिहिलेलं बघायला सांगा, नाहीतर 100 च्या आसपासच अडकेल.

मालवण : माझा होमस्टे आहे, पाच खोल्या, चिऱ्याचं जुनं घर. मोडेम पुढच्या पडवीत आहे, मागच्या खोल्यांत वायफाय जात नाही. जास्त अँटेनावाला डीएसएल राउटर घेऊ का? शिवाय लाइट सारखी जाते.

ताई, अँटेना मोजू नका. चिऱ्याची जाड भिंत, त्यात पावसाळ्यात ओल धरलेली, तिच्यापुढं चार अँटेना काय आणि आठ काय. 5 गिगाहर्ट्झ तर दुसऱ्या भिंतीलाच संपतं, 2.4 वाला थोडा लांब जातो. मोडेम आहे तिथंच राहू दे, कारण त्याची फोनची वायर घरभर फिरवली तर लाइन बिघडते. तिथून एक लॅन केबल माळ्यावरून मागच्या बाजूला न्या आणि तिकडं दुसरा साधा राउटर अॅक्सेस पॉइंट करून लावा, म्हणजे तो फक्त वायफाय पसरवेल. वायरशिवायचे एक्स्टेंडर स्वस्त मिळतात, पण पोचलेल्या अशक्त सिग्नललाच ते पुढं ढकलतात आणि त्यातला पुन्हा अर्धा खातात. वायरच टाका.

लाइटचं म्हणाल तर राउटरला चालणारा छोटा डीसी यूपीएस मिळतो. मोडेमच्या अॅडॅप्टरवर लिहिलेलं व्होल्टेज बघून घ्या, बहुतेक 12, पण काही 9 चेही असतात. एक्स्चेंजला स्वतःच्या 48 व्होल्टच्या बॅटऱ्या असतात म्हणून गावात अंधार झाला तरी लाइन जिवंत असते, तुमच्याकडचा डबा तेवढा चालू राहिला पाहिजे.

पाहुण्यांना गेस्ट नेटवर्क द्या, आणि मोडेमच्या सेटिंगचा पासवर्ड "अॅडमिन" असला तर आजच बदला. जुलै 2017 मध्ये बीएसएनएलच्या ग्राहकांचे हजारो मोडेम एका मालवेअरनं बंद पाडले होते, ज्यांनी कारखान्यातून आलेला पासवर्ड तसाच ठेवला होता त्यांचे. पाच खोल्यांतले अनोळखी लोक ज्या नेटवर्कवर बसतात तिथं तर हे पहिलं काम.

नांदेड : मोडेम आमच्याकडूनच भाड्यानं घ्या, बाहेरचा चालणार नाही असं कंपनीवाले सांगतात. खरं का?

एडीएसएलच्या लाइनवर खरं नाही, अॅनेक्स ए चा कुठलाही चालतो. फायबरचं वेगळं, तिथला ओएनटी (फायबरचा मोडेमसारखा डबा) त्यांच्या सिस्टिममध्ये सीरियल नंबरनं नोंदवावा लागतो, त्यामुळं आधी विचारून घ्या. आणि एडीएसएलचा नवा तरी कशाला घेताय, गल्लीत ज्यांच्याकडं फायबर आलंय त्यांच्या माळ्यावर जुने मोडेम धूळ खात पडलेत, मागितला तर कुणी नाही म्हणणार नाही. मात्र अॅडॅप्टर त्याचाच मागून घ्या, दुसरा लावायचाच झाला तर व्होल्टेज आणि पिनवरचं प्लस मायनस जुळलं पाहिजे, अँपिअर जास्त असला तरी चालतो, कमी नको. घरी आणल्यावर चालू ठेवूनच मागच्या भोकात टाचणी घालून दहा सेकंद रीसेट दाबा म्हणजे त्यांची सेटिंग पुसली जाते. तुमचा स्वतःचा मोडेम रीसेट करत असाल तर मात्र आधी पीपीपीओईचं युजरनेम आणि पासवर्ड कुठंतरी लिहून ठेवा, कारण ते त्याच्यासोबत पुसलं जातं आणि परत मिळवायला अर्ज घेऊन ऑफिसात जावं लागतं.