बँक घराचे मूल्यांकन का करते?

व्यवहार ठरला असताना बँकेचा मूल्यांकक पुन्हा घर मोजायला का येतो, हा आपला प्रश्न योग्यच आहे. कर्ज थकले तर ते घर विकून वसूल होईल एवढी त्याची किंमत आहे का, हे बँकेला पाहायचे असते. आपण ठरवलेला भाव योग्य आहे की नाही, हा तिचा मुख्य प्रश्न नसतो.

रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ३० लाखांपर्यंतच्या गृहकर्जाला मूल्याच्या ९० टक्के, ३० ते ७५ लाखांपर्यंत ८० टक्के आणि त्यापुढे ७५ टक्के ही कमाल मर्यादा आहे. ठरलेली किंमत आणि मूल्यांकन यांतील कमी असेल तो आकडा बँका सहसा धरतात. ६० लाखांच्या घराचे मूल्यांकन ५२ लाख आले, तर ४८ लाखांऐवजी जास्तीत जास्त ४१.६० लाखच मिळतील आणि कमी पडलेले ६.४० लाख आपल्यालाच जादा उभे करावे लागतील. म्हणून मूल्यांकनाआधी मोठा विसार (व्यवहार पक्का करण्यासाठीची आगाऊ रक्कम) देणे ही नवख्यांची सर्वांत महाग चूक ठरते.

रेडी रेकनरचा, म्हणजे सरकारने ठरवलेल्या दरपत्रकातील दर मुद्रांक शुल्कासाठी असतो. त्यालाच बाजारभाव समजू नका. मंजूर नकाशाबाहेरचे बांधकाम मूल्यांकनात बहुधा धरले जात नाही, त्यामुळे नकाशा, भोगवटा प्रमाणपत्र (इमारत राहण्यास योग्य असल्याचा दाखला) आणि मिळकत पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड) आधीच तपासा. कोल्हापुरात २०१९ आणि २०२१ चा महापूर पाहिल्यानंतर पंचगंगेच्या पूररेषेची चौकशी तर केलीच पाहिजे.

घाबरू नका; अहवालात क्षेत्रफळ चुकले असेल तर कागद दाखवून फेरतपासणी मागता येते.