सोमवारपर्यंत थांबू नका

तुम्ही लिहिलंय की शेल्टरमधून फोस्टर म्हणून, म्हणजे तात्पुरती घरी सांभाळायला, आणलेली कुत्री दोन दिवस खात नाहीये, आज सकाळी तिच्या नाकातून रक्त आलं, हिरड्या पांढऱ्या दिसतायत, आणि संस्था म्हणते सोमवारी आमचे डॉक्टर येतील तोवर थांबा. आज शनिवार आहे. बाकीचं नंतर वाचा. आधी जो दवाखाना उघडा असेल तिथे तिला न्या आणि रक्त तपासायला सांगा.

इतकं ठासून सांगतेय, कारण २०१९ च्या पावसाळ्यात पुण्यात मी हाच शनिवार-रविवार काढलाय. वाघोलीच्या एका बांधकामावरून उचललेली तांबूस गावठी कुत्री, दोनेक वर्षांची. आम्ही तिला चिंगी म्हणायचो. शुक्रवारी रात्री तिनं दूधपोळी हुंगून तोंड फिरवलं. शनिवारी सकाळी फरशीवर रक्ताचे थेंब. मला वाटलं उष्णतेनं घोळणा फुटला असेल. ओठ वर करून पाहिलं तर हिरड्या ओल्या खोबऱ्यासारख्या. अंगठ्यानं दाबून सोडलं की दोन सेकंदांत गुलाबी रंग परत यायला हवा. तिच्या हिरड्यांना मुळात रंगच नव्हता.

संस्थेच्या कार्यालयाला मी दोन दिवसांत सात फोन केले. एकदा उत्तर मिळालं, ‘कार्यालयीन वेळेत करा’. एकदा, ‘तुम्ही फॉर्म वाचलाय ना?’ त्या फॉर्ममध्ये एक ओळ होती: उपचार फक्त संस्थेच्या पॅनेलवरील डॉक्टरांकडूनच करावेत. खाली माझी सही. मी जन्मभर नोकरीत कागद सांभाळले, सही केली म्हणजे पाळायचं एवढंच मला माहीत. घरापासून दहा मिनिटांवर रविवारी उघडा असणारा दवाखाना होता. मी गेले नाही. सगळ्यात मोठी चूक ती. बाकीच्या चुका निस्तरता येतात.

सोमवारी पहाटे तिला उठता येईना तेव्हा नेलं. पीसीव्ही, म्हणजे रक्तातल्या लाल पेशींचं टक्क्यांतलं प्रमाण, ९. निरोगी कुत्र्याचा साधारण ३७ ते ५५ असतो. डॉक्टरांनी ओळखीतून रक्तदाता कुत्रा शोधला, पण तो दवाखान्यात पोचायच्या आधी ती गेली. सलाईनसाठी पुढच्या पायाचे केस काढले होते, तेवढा गुळगुळीत तुकडा माझ्या हातात होता. दुपारी चार वाजता संस्थेचा फोन आला: डॉक्टर आलेत, कुत्री घेऊन या.

संस्थांकडे कुत्री शेकड्यांनी आणि हात चार, हे मी आत राहून पाहिलंय. राग माणसांवर नाही, त्या ओळीवर आहे. म्हणून माझं मत, पटलं नाही तर सोडून द्या: कुत्रं घरी आणायच्या आधी व्हॉट्सअ‍ॅपवर लेखी घ्या की तातडीच्या वेळी दोन तासांत कोणी फोन उचलला नाही तर तुम्ही कुठल्याही डॉक्टरकडे नेऊ शकता, खर्च किती रकमेपर्यंत त्यांचा, आणि वेळ आलीच तर कायमच्या झोपेचं इंजेक्शन (दयामरण) द्यायचा निर्णय कोणाचा. हे लिहून द्यायला जी संस्था कां-कू करते तिच्याकडून आजारी कुत्रं मी आता घेत नाही. तुमच्या बाबतीत ही वेळ निघून गेलीय, तेव्हा जाताना फक्त एक मेसेज टाका: ‘हिरड्या पांढऱ्या, नाकातून रक्त, मी अमुक दवाखान्यात नेतेय.’ परवानगी मागू नका, कळवा. हिरड्यांचा फोटो जोडा. बिल संस्थेच्या नावानं करून घ्या, पैसे परत मागताना तेच कामी येतं.

मी डॉक्टर नाही, निदान मी करणार नाही. पण तुम्ही सांगताय ती लक्षणं गोचीडतापात सर्रास दिसतात. उंदराचं विष खाल्लं असेल तरी रक्त येतं, तेव्हा ती कुठे होती हे डॉक्टरांना सांगाच. आणि गोचीडतापाचं झटपट किट निगेटिव्ह आलं म्हणून निर्धास्त होऊ नका. ते बहुधा अँटीबॉडी बघतं, आणि त्या तयार व्हायला वेळ लागतो. सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) आणि रक्ताचा स्मिअर (काचेवर थेंब पसरून सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी) मागा. लघवी काळ्या चहासारखी असेल तर तेही सांगा, कारण बबेसिया (गोचिडीतून येणारा रक्तातला परजीवी) असेल तर नुसत्या डॉक्सीनं, म्हणजे डॉक्सीसायक्लिन या अँटिबायोटिकनं, भागत नाही. एर्लिकिया (गोचिडीतूनच येणारा जिवाणू) निघाला तर डॉक्सी सहसा २८ दिवस चालते. तिसऱ्या दिवशी शेपूट हलायला लागली की लोक गोळ्या बंद करतात. करू नका. आणि गोळी रिकाम्या पोटी नको, मळमळतं; घशात अडकली तर अन्ननलिका सोलवटू शकते.

घरातली क्रोसिन, कॉम्बिफ्लाम काहीही देऊ नका. गोचिडींवर रॉकेल ओतू नका. बोटांच्या बेचक्यात आणि कानाच्या आत बघा, चिमट्यानं काढून साबणाच्या पाण्यात टाका, नखानं चिरडू नका. घरी मांजर असेल तर आणखी एक: कुत्र्यांच्या गोचिडीच्या काही औषधांत परमेथ्रिन असतं, ते मांजराच्या जिवावर बेतू शकतं. लेबल वाचा. शेजारच्या काकूंनी दिलेली बाटली असेल तर दोनदा वाचा.

रक्त द्यावं लागलं तर दाता कुत्रा साधारण २५ किलोच्या वर, १ ते ८ वर्षांचा, लसी झालेला आणि कधीही गोचीडताप न झालेला हवा. कुत्र्याला आयुष्यात पहिल्यांदा रक्त देताना सहसा मोठी रिअ‍ॅक्शन येत नाही, तरी वेळ असेल तर क्रॉसमॅच (दोघांचं रक्त जुळतं का याची तपासणी) करून घ्या. शेवटी डॉक्टर म्हणतील ते. आमचा भीमा ३१ किलोचा आहे, चार वर्षांचा, याआधी एकदा रक्त दिलंय आणि सुईला शांत उभा राहतो. तुम्ही पुण्यात असाल तर रात्री कितीही वाजता कळवा, त्याला गाडीत घालून घेऊन येते.