बसलेली घडी

प्रिय पोरी,

तुझं पत्र परवा मिळालं, दोनदा वाचलं. प्रबंधासाठी तू करवीर आणि पन्हाळा तालुक्यांतली चार गावं पायाखाली घातलीस, साठ-सत्तर माणसांशी बोललीस. आता तुझा प्रश्न असा की हातावर पोट असलेली माणसं परंपरावादी पक्षाला मत देऊन स्वतःच्याच पायावर धोंडा का पाडून घेतात. त्याखाली एक वाक्य लिहून खोडलं आहेस. खोडलं तरी मला वाचता आलं. ‘त्यांना कळत नाही.’

कागदावरून खोडलंस ते बरंच केलंस. मनातून मात्र ते अजून गेलेलं नाही, आणि ते तिथं असेपर्यंत तुझा प्रबंध पुढं सरकणार नाही. म्हणून आज सगळी कामं बाजूला ठेवून लिहायला बसले.

आमचं घर शेकापचं, म्हणजे लाल बावट्याच्या शेतकरी कामगार पक्षाचं, हे तुला ठाऊक आहे. आजोबा कूळ होते. दीड एकर कसायचे आणि पिकातला वाटा मालकाच्या वाड्यावर पोचता करायचे. १९४८ चा कुळकायदा आला, पुढं त्यात दुरुस्ती झाली आणि १ एप्रिल १९५७ रोजी कसणारा माणूस कायद्यानं मालक ठरला. तेवढ्यानं काम संपत नव्हतं. ३२ ग कलमाखाली किंमत ठरायची, ती फेडायची, आणि फिटली की ३२ म चा दाखला हातात पडायचा. आमचा दाखला पत्र्याच्या ट्रंकेत, आजीच्या लुगड्याच्या घडीत असायचा. खंडेनवमीला नांगर-कुळवाबरोबर त्यालाही हळदकुंकू लागायचं. माझे वडील तरुणपणी लाल बावटा खांद्यावर टाकून गावातून चालत कोल्हापूरला मोर्चाला यायचे. त्या बावट्यानं आम्हाला माणसात आणलं, असं ते शेवटपर्यंत म्हणायचे.

आणि याच माणसानं उतारवयात उजव्या पक्षाला मत दिलं.

मला कळलं तेव्हा मी त्यांना नको नको ते बोलले. लाजेनं मान खाली गेली, म्हटलं. ते शांतपणे तंबाखू मळत बसले होते. मग म्हणाले, “बावट्यानं जमीन मिळवून दिली, उपकार इसरलो न्हाई. पर आता मिळवायचं काय ऱ्हायलं न्हाई. हाय ते राखायचंय.” मी महिनाभर गावाकडं गेले नाही. त्या महिन्याची बोच अजून आहे. शाळेत तीस वर्षं मी नागरिकशास्त्र शिकवलं, मतदान केंद्रांवर कितीदा तरी ड्युटी केली, शाई लावलेली बोटं हजारांनी पाहिली. मतदाराच्या मनातलं एक सरळ वाक्य मात्र मला घरातच ऐकू आलं नाही.

त्या वाक्याचा अर्थ लागायला मला बरीच वर्षं लागली. त्या काळात गावात हद्दवाढीची चर्चा जोरात होती. कोल्हापूरची महानगरपालिका झाली १९७२ मध्ये, पण शहराची हद्द वाढवण्याचा विषय निघाला की भोवतालची गावं दशकानुदशकं विरोधाला उभी राहत आली आहेत. घरफाळा वाढेल, शेतावर आरक्षण पडेल, उद्या आपल्याच बांधावर आपण परके होऊ, ही धास्ती. धाकटा भाऊ नोकरीसाठी पुण्याला गेलेला. म्हशी दोनच राहिलेल्या. वडिलांच्या आयुष्याची घडी कशीबशी बसली होती आणि चहूबाजूंनी कुणी ना कुणी ती विस्कटायला निघालंय असं त्यांना वाटत होतं. जो कुणी ‘आम्ही हात लावणार नाही’ म्हणाला, त्याच्याकडं ते गेले.

तुझ्या विषयाचं मूळ मला इथं दिसतं. काल ज्याच्यासाठी झगडा केला, ते हातात आलं की माणूस त्याचा राखणदार होतो. मोर्चातला माणूस मालक झाला की तो सातबारा उताऱ्याकडं बघून मत देतो. याला गद्दारी म्हणू नकोस.

हे काही आपल्याच जिल्ह्यात घडतं असं नाही. जानेवारी १९५९ मध्ये काँग्रेसच्या नागपूर अधिवेशनात सहकारी शेतीचा ठराव झाला आणि त्याच वर्षी राजगोपालाचारींनी ‘स्वतंत्र’ नावाचा पक्ष उभा केला. त्यात मिनू मसानींसारखे उद्योगांची बाजू मांडणारे होते, तसे एन. जी. रंगाही होते, आणि रंगा म्हणजे हयातभर शेतकऱ्यांत वावरलेला पुढारी. जमीन एकत्र करणार म्हटल्यावर लहान शेतकऱ्याच्या पोटात जो गोळा आला, तो त्यांनी ओळखला. १९६७ मध्ये या पक्षाचे ४४ खासदार निवडून आले. नंतर पक्ष विरला, तो भाग वेगळा. तिकडं ब्रिटनमध्ये पालिकेच्या घरांत भाड्यानं राहणाऱ्या कामगारांना थॅचर सरकारनं १९८० च्या कायद्यानं तीच घरं सवलतीत विकत घ्यायचा हक्क दिला. दहा वर्षांत दहा लाखांवर घरं भाडेकरूंच्या नावावर झाली. ते सगळे हुजूर पक्षाचे झाले असं नाही, पण दाराला स्वतःच्या पसंतीचा रंग लावणारा माणूस त्या पक्षाकडं वेगळ्या नजरेनं बघू लागला. आमच्या ट्रंकेतल्या दाखल्याची आठवण येते की नाही?

एडमंड बर्क या ब्रिटिश विचारवंताचं नाव तुझ्या पुस्तकांत येईलच. फ्रेंच क्रांतीवर १७९० मध्ये तुटून पडलेला माणूस, एवढीच त्याची ओळख करून देतात. पण हाच बर्क बंगालचा गव्हर्नर जनरल राहिलेल्या वॉरन हेस्टिंग्जवर महाभियोग चालवण्यात सगळ्यांत पुढं होता. तो खटला १७८८ ते १७९५ चालला, हेस्टिंग्ज सुटला. ईस्ट इंडिया कंपनीचे लोक हिंदुस्थानातल्या जुन्या संस्था, रीतीभाती, घराणी पायदळी तुडवताहेत, हा बर्कचा संताप होता. पॅरिसमध्ये काय आणि बंगालमध्ये काय, पिढ्यांनी उभं केलेलं एका तडाख्यात पाडणाऱ्यांची त्याला चीड होती. मला त्याचे सगळे विचार पटत नाहीत. राजेशाहीवरचं त्याचं प्रेम तर मुळीच नाही. पण परंपरा राखणारा प्रत्येक जण जुलमाच्या बाजूचा असतो, हा माझा समज त्यानं मोडला.

आता आपल्या मातीतली गोष्ट. ‘सनातनी’ या शब्दाची कोल्हापुरात एक जुनी जखम आहे. वेदोक्त प्रकरणात खुद्द शाहू महाराजांना, ते क्षत्रिय नाहीत असं म्हणत, पुरोहितांनी वेदोक्त मंत्रांचा अधिकार नाकारला. परंपरेच्या नावानं झालेला तो अपमान इथल्या बहुजन घरांत अजून सांगितला जातो. म्हणून इथं ‘मी पुराणमतवादी’ असं कुणी म्हणणार नाही. तुझ्या प्रश्नावलीत तो शब्द घातलास, तर शंभरातला एकही त्यापुढं खूण करणार नाही. ते म्हणतील, ‘आम्ही आपली रीतीनं चालणारी माणसं.’ आणि त्याच तोंडानं ‘शाहू महाराजांचं कोल्हापूर’ही म्हणतील. यात तुला विसंगती दिसते. मला दिसत नाही. महाराजांनी १९०२ मध्ये संस्थानात मागासवर्गीयांसाठी निम्म्या जागा राखल्या, शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, हे सगळं खरं. पण वेदोक्ताच्या वेळी त्यांनी विधी फेकून दिले नाहीत, विधींवरचा हक्क मागितला. १९२० मध्ये पाटगावच्या मौनी महाराजांच्या मठात क्षात्रजगद्गुरू, म्हणजे बहुजनांचे स्वतःचे धर्मगुरू, नेमले. एवढी मोठी उलथापालथ त्यांनी गादी, मठ, जगद्गुरू याच ओळखीच्या शब्दांत बसवली.

आमच्या पिढीतले कार्यकर्ते हे विसरले. आमच्या गावच्या सभेत एकदा एक तरुण वक्ता उसाच्या दरावर फार चांगलं बोलत होता. मध्येच त्यानं जोतिबाच्या गुलालाची टिंगल केली. समोर चैत्रात सासनकाठी नाचवून आलेली माणसं बसली होती. कुणी आरडाओरडा केला नाही. एकेक जण कपडे झटकत उठला आणि गेला. उसाचा दर त्यांचाच प्रश्न होता, तरी उठून गेले. ज्या डोंगरावर आपली आजी अनवाणी चढली, त्याला हसणारा माणूस आपला वाली होईल यावर कुणाचा विश्वास बसेल? पुढं त्या गावात कोण वाढलं, हे तू तुझ्या तक्त्यात बघतेच आहेस.

एवढं वाचून ‘बाई आता तिकडच्या झाल्या’ असं मनात आलं असेल. माझं मत अजून बावट्याच्याच बाजूला जातं. कारण घडी बसलेली असते, पण ती कुणाच्या पाठीवर बसलेली आहे हेही विचारावं लागतं. मार्च १९२० मध्ये माणगावच्या परिषदेत शाहू महाराज डॉ. आंबेडकरांच्या शेजारी उभे राहिले, ते ज्यांना त्या घडीत माणूस म्हणून जागाच नव्हती त्यांच्यासाठी. गावाबाहेरच्या वस्तीत तू गेलीस का? पत्रात तरी तसं दिसलं नाही. जा. तिथंही उजव्या पक्षाला मत देणारी माणसं भेटतील आणि त्यांची कारणं पाटलाच्या वाड्यातल्या कारणांहून निराळी असतील. कुणाला घरकुल मिळालं, कुणाला पहिल्यांदा कुणीतरी पदावर बसवलं, कुणी जुन्या पुढाऱ्यांच्या घराणेशाहीला कंटाळलेला. आणि भीती पेरून मतं गोळा करणारेही आहेत, शेजाऱ्याचा धर्म दाखवून घाबरवणारे. त्यांना तू माफ करावंस असं मी म्हणत नाही. पेरणारा वेगळा आणि ज्याच्या मनात पेरलं तो वेगळा, एवढं मात्र लिहिताना सुटू देऊ नकोस.

आणखी एक घोळ निस्तरायला हवा. राखण्याची ओढ आणि उजवा पक्ष यांची तू एकच मोट बांधली आहेस. २०२४ चंच बघ. नागपूर-गोवा शक्तिपीठ महामार्गाला जमीन देणार नाही म्हणून जिल्ह्यातले शेतकरी उठले. मूळ भावना राखण्याचीच, पण तिचा रोख सत्तेतल्या उजव्या पक्षांवर होता. ७ मे रोजी मतदान झालं आणि कोल्हापूर मतदारसंघातून काँग्रेसचे शाहू छत्रपती, म्हणजे महाराजांच्या घराण्यातले आजचे शाहू, निवडून आले. २० नोव्हेंबरला विधानसभेचं मतदान झालं, तर जिल्ह्यातल्या दहापैकी एकही जागा काँग्रेसकडं राहिली नाही. २०१९ मध्ये चार होत्या. साडेसहा महिन्यांत माणसं पुराणमतवादी झाली का? ‘लाडकी बहीण’ योजनेतून बायकांना मिळणारे महिन्याचे दीड हजार रुपये होते, स्थानिक गटातटांचं राजकारण होतं, उमेदवार वेगळे होते. या एका उदाहरणावर तुझं अख्खं प्रकरण होईल. फक्त एकाच कारणाला कवटाळून बसू नकोस.

विचारायचं कसं, ते सांगते. ‘मत कुणाला दिलं?’ हा प्रश्न काढून टाक. मत गुप्त आहे, आणि पाहुण्या पोरीला खूश करायला माणसं वाटेल ते सांगतात. त्याऐवजी विचार, दहा वर्षांत घरातलं काय गेलं, काय आलं, आणि आता काय जाऊ नये असं वाटतं. पहिलं उत्तर टीव्हीवरचं असेल, दुसरं गावच्या पुढाऱ्याचं. चहा होईस्तोवर बसून राहिलीस तर तिसरं त्यांचं स्वतःचं निघेल. ते त्यांच्याच शब्दांत लिहून घे, प्रमाण भाषेत आणू नकोस. आणि बायकांशी पुरुषांसमोर बोलू नकोस. आमच्या गल्लीतल्या एका आजींना मी विचारलं, घरचे सांगतात तिकडंच मत देता का? त्या फणकारल्या, “मी कुणाच्या सांगण्यानं जात न्हाई. माझं मी ठरवतो. जो माझ्या पोरीला रातच्याला सुखरूप घरी येऊ देईल, त्याला देतो.” हे उत्तर तुझ्या कुठल्या रकान्यात बसवशील? नसेल बसत तर रकाना बदल.

पुढच्या रविवारी माझ्याबरोबर गावी ये. पहाटे निघू, सहाच्या आत दूध संस्थेवर पोचायला हवं. दूध घालायला आलेली माणसं फॅट लागेपर्यंत उभी असतात आणि तेव्हा मोकळी बोलतात. छापील फॉर्म घरी ठेव, वही आण. नंतर घरी जाऊ. वडिलांची ट्रंक अजून माळ्यावर आहे, दाखला त्यातच आहे, आणि त्याच्याखाली घडी घालून ठेवलेला बावटाही. दोन्ही त्यांनी स्वतःच्या हातानं ठेवले होते.

तुझ्या
बाई