स्पोकन इंग्लिशचा वर्ग आकड्यांपासून सुरू करा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: भुसावळला संध्याकाळचा वर्ग सुरू केलाय. मुलं-मुली मराठी माध्यमातून बारावी झालेली, काही जण दुकानात तर काही कुरिअरच्या कामावर. व्याकरण बऱ्यापैकी येतं, पण बोलायची वेळ आली की सगळे गप्प. संवाद पाठ करून घेतले, ते वर्गाबाहेर उपयोगी पडले नाहीत. मग सुरुवात कशापासून करावी, आणि उच्चार कोणते शिकवावेत: ब्रिटिश, अमेरिकन की आपले?

अशा वर्गांना मी बरीच वर्षं शिकवत आले आहे, म्हणून सविस्तर लिहिते. पहिले दोन-तीन आठवडे फक्त आकडे घ्या. भाव, वेळ, तारीख, फोन नंबर, गाडीचा नंबर, स्कोअर, वजन, बिल.

आकडे तर सगळ्यांनाच येतात, असं तुम्हाला वाटेल. २००० सालापासून आपल्याकडे पहिलीपासून इंग्रजी आहे, त्यामुळे तुमच्या वर्गातल्या प्रत्येकाने लहानपणी वन टू थ्री तालात म्हटलेलं आहे. पण ते उजळणीसारखं येतं, एकापुढे एक, ठरलेल्या चालीत. उद्या वर्गात वह्या काढायला सांगा आणि दहा सुट्या संख्या एकदाच, नेहमीच्या वेगात सांगा. फॉर्टी-सेव्हन, एटी-नाइन, सिक्स्टी-थ्री अशा. पेनं कुठे अडतात ते बघा. व्याकरणाच्या पेपरात चांगले गुण मिळवणारी मुलंही ४७ च्या जागी ७४ लिहितात.

याचं कारण आपल्या भाषेच्या घडणीत आहे. सत्तेचाळीस म्हणताना आपण सात आधी म्हणतो आणि चाळीस नंतर. म्हणजे मराठी ऐकणारा माणूस संख्या पूर्ण होईपर्यंत थांबतो आणि मग ४ लिहितो. ही सवय इतकी मुरलेली असते की इंग्रजीतही तो थांबून राहतो, मनात मराठी करतो आणि तेवढ्यात पुढची संख्या निघून जाते. एकोणसाठ, एकोणसत्तर यांचा गोंधळ वेगळाच, कारण तिथे कानावर साठ पडतं आणि लिहायचे असतात पाच आणि नऊ. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात सत्तावीसच्या जोडीला 'वीस सात' असं वाचन दिलं गेलं, त्यावरचा वाद आठवत असेल. समितीच्या अध्यक्षा डॉ. मंगला नारळीकर यांनी तेव्हा मुलांची हीच अडचण मांडली होती. त्या वादात मला शिरायचं नाही, पण अडचण खरी आहे आणि विशीतही ती पुरती जात नाही.

यावरचा माझा सराव अगदी साधा आहे. 'फॉर्टी' कानावर पडताच ४ लिहायचा, पुढचा शब्द यायच्या आत. तुम्ही सुरुवातीला मुद्दाम थांबा: 'फॉर्टी...' सगळ्यांची पेनं टेकली की मग '...सेव्हन'. हळूहळू मधलं अंतर कमी करत न्या. मराठीतून जाण्याची वाट अशी आपोआप बंद होते, कारण तेवढा वेळच उरत नाही. तेरा ते अठरा यांत मात्र इंग्रजीचा क्रम आपल्यासारखाच आहे, फोर्टीनमध्ये चार आधी येतो. घोटाळा एकवीसपासून पुढे होतो, हे मुलांना फळ्यावर दाखवा. त्यांना ते फार आवडतं, आणि आपली चूक का होते हे कळल्यावर लाजही कमी होते.

आता उच्चार. इथे सगळ्यात जास्त वेळ द्या तो थर्टीन-थर्टी या जोड्यांना. फिफ्टीन-फिफ्टी, सिक्स्टीन-सिक्स्टी, सगळ्या. भाव ठरवताना पंधराचे पन्नास झाले तर भांडण होतं. मराठीत शब्दाच्या शेवटचा इकार आपण दीर्घच म्हणतो, त्यामुळे आपल्या तोंडून 'थर्टी'ची 'टी' लांब निघते आणि 'थर्टीन'पासून तिचा फरक उरतो तो फक्त शेवटच्या न चा. फोनवर, बाजाराच्या गोंगाटात तो न ऐकूच येत नाही. इंग्रजी बोलणाऱ्याचा कान न वर फारसा अवलंबून नसतो. तो जोर कुठे आहे ते ऐकतो. थर्टीमध्ये जोर 'थर्'वर असतो आणि 'टी' तोकडी पडते. थर्टीनमध्ये 'टीन'वर जोर असतो आणि ती लांबते. मुलांना टेबलावर हाताने ठोका द्यायला सांगा: जिथे जोर, तिथे ठोका. चार दिवसांत फरक ऐकू येईल.

एक गोष्ट मात्र लपवू नका. ओळीने मोजताना, किंवा 'फिफ्टीन रुपीज' असं पुढे नाम आलं की टीनवरचा जोर बऱ्याचदा पुढच्या बाजूला सरकतो. म्हणून नियम सांगून थांबायचं नाही, खात्री करून घ्यायलाही शिकवायचं. आपल्याकडे काउंटरवरची माणसं 'फिफ्टीन, वन फाइव्ह' असं म्हणतात ना, ती उत्तम सवय आहे. 'वन फाइव्ह ऑर फाइव्ह झीरो?' हा प्रश्न पहिल्याच आठवड्यात प्रत्येकाच्या तोंडात बसला पाहिजे. तुमच्या मुलांचं इंग्रजीतलं पहिलं खरं संभाषण हेच असेल, कारण इथे विचारणाऱ्याला उत्तर खरोखर हवं असतं. पाठ केलेल्या संवादात तेच नसतं. 'हाऊ आर यू'चं उत्तर काय येणार हे दोघांनाही आधीच माहीत असतं.

फाइव्ह आणि नाइन हीसुद्धा फसवी जोडी आहे. दोन्हीत मधला स्वर एकच, त्यामुळे खराब लाइनवर दोन्ही सारखेच वाटतात. विमानांच्या रेडिओ संभाषणात जगभर नऊला 'नायनर' आणि पाचाला 'फाइफ' म्हणायची पद्धत आहे, ती ऐकण्यातली गल्लत टाळण्यासाठीच. तिथे तीनचा ठरवून दिलेला उच्चार 'ट्री' असा आहे. तेव्हा 'थ्री' म्हणताना आपला मराठी थ येतो म्हणून मुलांना अजिबात टोकू नका. तो थ जगात कुठेही समजतो. जीभ दातांत धरून तो घासायला लावणारे वर्ग मी पाहिले आहेत. त्यात मुलांचा वेळ आणि धीर दोन्ही जातात.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं माझं उत्तर यातच आलं. आपलाच उच्चार ठेवायचा. दुरुस्त करायचं ते तेवढंच, जिथे ऐकणाऱ्याच्या कानात आकडा बदलतो. जोर, स्वराची लांबी आणि शब्दाचा शेवट, या तीन जागा. त्यापलीकडे एक शब्द माझ्या आवडीचा आहे, ट्वेल्व्ह. त्यात ओठांचा गोल करून म्हणायचा व आणि खालच्या ओठाला वरचे दात टेकवून म्हणायचा व्ह, दोन्ही येतात. आपण लिहिताना ते वेगळे लिहितोच, वन आणि फाइव्ह. बोलतानाही वेगळे करायला ट्वेल्व्हएवढा चांगला सराव नाही. ज्यांना परदेशी ग्राहकांशी फोनवर बोलायची नोकरी हवी आहे, त्यांना आणखी एक गोष्ट दाखवा. तोंडासमोर कागदाची पट्टी धरून टू, टेन, ट्वेंटी म्हणायला लावा. इंग्रजी ट म्हणताना हवेचा झोत येतो आणि पट्टी हलते, आपल्या ट ला हलत नाही. झोत नसला तर परक्या कानाला तो कधीकधी ड वाटतो. बाकीच्यांनी याच्या मागे लागू नये.

बोलायचा उच्चार आणि ऐकायचा उच्चार मात्र वेगळा धरा. स्वतः 'हंड्रेड अँड फाइव्ह' म्हटलं तरी चालेल, पण समोरून 'हन्ड्रडन् फाय्व्ह' येणार हे कानाला माहीत हवं. 'नाइन एट' जोडून 'नाय्नेट' होतं. अमेरिकन माणसाची थर्टी 'थर्डी'सारखी आणि ट्वेंटी 'ट्वेनी'सारखी वाजते. हे फक्त ओळखायचं, नक्कल करायची नाही.

फोन नंबरचा सराव जरूर घ्या, पण गट पाडून. दहा आकडे एका दमात म्हटले की कोणालाच लिहिता येत नाहीत. पाच-पाच किंवा तीन-तीन-चार असे गट, प्रत्येक गटाच्या शेवटी आवाज किंचित वर, शेवटच्या गटाला खाली. आवाज खाली आला की ऐकणाऱ्याला नंबर संपल्याचं कळतं. शून्याला 'ओ' म्हणतात हे सांगा, नाहीतर मुलं इंग्रजी अक्षर लिहितात. डबल आणि ट्रिपल आपल्याकडे आणि इंग्लंडमध्ये चालतं, अमेरिकेत बहुधा एकेक आकडा सुटा सांगतात. आणि हे कळकळीने सांगते: वर्गात कोणालाही, विशेषतः मुलींना, स्वतःचा खरा नंबर मोठ्याने म्हणायला लावू नका. नंबर बनवून द्या. ओटीपी तर सरावालाही खरा नको.

मुलं सगळ्यात जास्त अडखळतात ती सव्वा, दीड, अडीच आणि पावणे यांपाशी. दीडशे, सव्वाशे, अडीच हजार, पावणेदोन लाख या संख्या आपण एका दमात म्हणतो, इंग्रजीत त्या उलगडून सांगाव्या लागतात: वन फिफ्टी, वन ट्वेंटी-फाइव्ह, टू थाउझंड फाइव्ह हंड्रेड, वन लॅख सेव्हन्टी-फाइव्ह थाउझंड. इथे मराठी शब्दावरून इंग्रजीकडे जायचं नाही. आधी अंकात लिहायचं, मग अंक वाचायचे. घड्याळात मात्र आपली पद्धत मदतीला येते, कारण पावणेचार आणि क्वार्टर टू फोर यांचा हिशेब एकच आहे. तरीही आधी थ्री फॉर्टी-फाइव्ह शिकवा, क्वार्टर नंतर येऊ दे. दशांश चिन्हापुढचे आकडे सुटे म्हणायचे, ३.१४ म्हणजे थ्री पॉइंट वन फोर. लाख-कोटी भारतात बिनधास्त वापरू द्या. दहा लाखांचा मिलियन आणि शंभर कोटींचा बिलियन, एवढं फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवलं की पुरे.

पहिल्या महिन्यात पुस्तक विकत घ्यायला लावू नका. तुम्ही तर जंक्शनवर राहता! स्टेशनवरची घोषणा मराठी, हिंदी आणि इंग्रजीत होते, पाच आकड्यांचा गाडी क्रमांक सुटा सुटा वाचला जातो. मुलांना अर्धा तास फलाटावर बसवा. १२१३७ पंजाब मेल आणि १२१३९ सेवाग्राम एक्सप्रेस, फरक फक्त शेवटच्या सेव्हन आणि नाइनचा. इंग्रजी घोषणा ऐकून नंबर लिहायचा, मराठी घोषणेशी ताडून पाहायचा. चूक कोणी दाखवावी लागत नाही.

वर्गात जोड्या करा. वेळापत्रकाच्या किंवा दराच्या तक्त्याच्या दोन प्रती काढा, एकीत काही रकाने कोरे, दुसरीत दुसरे. एकमेकांचा कागद न बघता, फक्त विचारून रकाने भरायचे. वर्गातली सगळ्यात अबोल मुलगीही इथे बोलते, कारण रकाना रिकामा राहतो आणि विचारायचा प्रश्न तिला येत असतो. ती 'हाऊ मच?' एवढंच म्हणाली तरी चालेल, पूर्ण वाक्याचा आग्रह तेव्हा धरू नका.

क्रिकेटवेड्या मुलांना इंग्रजी समालोचनातला स्कोअर लिहायला द्या. पाच बाद २८७ हे आपल्याकडे 'टू एटी-सेव्हन फॉर फाइव्ह' असं म्हणतात, ऑस्ट्रेलियन समालोचक मात्र 'फाइव्ह फॉर टू एटी-सेव्हन' म्हणतात. हे आधी सांगून ठेवा, म्हणजे ऑस्ट्रेलियातला सामना ऐकताना गोंधळ होणार नाही. तिसऱ्या आठवड्यापासून आकड्यांना वाक्य जोडायला लागा: भाव कमी करून मागणं, गाडीला किती उशीर आहे ते विचारणं, बिलातली चूक दाखवणं. व्याकरण त्यांना येतंच आहे, ते इथे आपोआप कामाला लागतं.