एका क्लिकमध्ये सगळे ड्रायव्हर : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

प्रश्न : मी दीड वर्षापासून कॉम्प्युटर रिपेरिंगचं छोटं दुकान चालवतो. दिवसाला दोन-तीन लॅपटॉप फॉरमॅटला येतात. मित्राने पेनड्राइव्हमध्ये एक ड्रायव्हर पॅक दिलाय (ड्रायव्हर म्हणजे आवाज, टचपॅड, वायफाय असले भाग विंडोजला चालवता यावेत म्हणून लागणारं सॉफ्टवेअर, पॅक म्हणजे त्यांचा गठ्ठा), विंडोज टाकलं की तो लावायचा, एक क्लिक केलं की अर्ध्या तासात सगळं बसतं, नेटपण लागत नाही. पण गेल्या महिन्यात दोन गिऱ्हाईकं परत आली. एकाच्या टचपॅडला दोन बोटांनी स्क्रोल होत नाही, दुसऱ्याने इयरफोन लावला तरी आवाज स्पीकरमधूनच येतो. आणि दोघांच्याही डेस्कटॉपवर एक ब्राउझर आलाय जो मी टाकलेलाच नाही. पॅक वापरणं बंद करू का?
– एक वाचक, बार्शी

उत्तर : पॅक ठेवा भाऊ, पण त्याचा नंबर शेवटी लावा, आणि ते सगळं एकदम बसवणारं बटण दाबूच नका.

आधी तुमच्या त्या दोन लॅपटॉपचं काय झालं ते बघू. डिव्हाइस मॅनेजर उघडा, कुठल्याही डिव्हाइसवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, डिटेल्स, आणि तिथल्या लिस्टमधून हार्डवेअर आयडी निवडा. एक लांबलचक ओळ दिसेल. त्यात पहिला नंबर चिप बनवणाऱ्या कंपनीचा, ८०८६ दिसला तर इंटेल, १०डीई असेल तर एनव्हिडिया, १००२ म्हणजे एएमडी, १०ईसी म्हणजे रिअलटेक. मग खुद्द चिपचा नंबर, आणि त्याच्यापुढे बऱ्याच वेळा सबसिस असं लिहून आणखी एक नंबर असतो. खरी गोम त्या सबसिसमध्ये आहे. चिप रिअलटेकचीच, पण ती कुठल्या लॅपटॉप कंपनीने कुठल्या मॉडेलमध्ये कशी जोडलीय ते ड्रायव्हरला त्या नंबरावरून कळतं. पॅकने चिपचा नंबर जुळला म्हणून साधा रिअलटेकचा ड्रायव्हर बसवला तर आवाज येतो, डिव्हाइस मॅनेजरमध्ये ड्रायव्हर नसल्याचं पिवळं चिन्हही दिसत नाही, आपल्याला वाटतं झालं काम, आणि इयरफोन लावल्यावर स्पीकर बंद व्हायला हवा ते मात्र होत नाही. टचपॅडचंही तसंच, कंपनीने दिलेला सिनॅप्टिक्स किंवा एलान ह्या टचपॅड बनवणाऱ्यांचा ड्रायव्हर जाऊन साधा माउसवाला बसला की कर्सर फिरतो पण दोन बोटांचं स्क्रोल जातं. त्यात बरेच पॅक नुसती तारीख बघून नवीन तो चांगला असं धरतात, लॅपटॉपला ते नेहमी मानवतं असं नाही.

आणि तो ब्राउझर पॅकबरोबरच आलाय. फुकटातल्या काही पॅकचा पैसा असाच येतो, सोबत ब्राउझर, अँटीव्हायरस, कसला तरी क्लीनर बसवून. एक्स्पर्ट मोड असेल तर त्यात जाऊन एकेक टिक काढता येते, पण गर्दीच्या वेळी कोण एवढं बघत बसतं, आणि गिऱ्हाईकाला तर वाटतं की हे दुकानदाराने टाकलं. तुमचं नाव खराब होतं, मला सगळ्यात वाईट त्याचं वाटतं.

मी स्वतः ह्यातून गेलोय. शेजारच्या काकूंचा लॅपटॉप होता, शिवणक्लासच्या फीचा सगळा हिशोब त्यात. विंडोज टाकलं, पॅक मारला, रिस्टार्ट केलं तर निळी स्क्रीन, परत रिस्टार्ट, परत निळी. ग्राफिक्सचा ड्रायव्हर चुकीचा बसला होता. शेवटी सेफ मोडमध्ये, म्हणजे मोजक्याच ड्रायव्हरवर विंडोज उघडून, तो काढला तेव्हा रात्रीचा एक वाजला होता. काकू दोनदा चहा ठेवून गेल्या, एका शब्दाने काही बोलल्या नाहीत, आणि तेच मला जास्त लागलं. ड्रायव्हर म्हणजे साधं सॉफ्टवेअर नव्हे, बरेचसे ड्रायव्हर विंडोजच्या अगदी गाभ्यात चालतात, तिथे एक चुकला की अख्खी मशीन बसते. १९ जुलै २०२४ ला जगभर विमानतळ आणि बँकांमध्ये निळ्या स्क्रीन आल्या होत्या ना, अंदाजे ८५ लाख मशीन, ते क्राउडस्ट्राइक ह्या सायबर सुरक्षा कंपनीच्या असल्याच गाभ्यात चालणाऱ्या ड्रायव्हरला सदोष अपडेट गेल्यामुळे झालं होतं.

आता काय करायचं ते सांगतो, आणि ह्यातली पहिली गोष्ट आजपासूनच सुरू करा. फॉरमॅट मारायच्या आधी, जुनं विंडोज चालू असतानाच, त्याचे ड्रायव्हर काढून ठेवा. डी ड्राइव्हवर किंवा पेनड्राइव्हवर एक रिकामं फोल्डर बनवा, आधी बनवावंच लागतं नाहीतर एरर येते, मग कमांड प्रॉम्प्ट अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडून पीएनपीयुटिल, स्पेस, स्लॅश एक्सपोर्ट-ड्रायव्हर, स्पेस, स्टार, स्पेस आणि त्या फोल्डरचा पत्ता असं टाइप करा. विंडोज १० आणि ११ मध्ये ही कमांड आधीपासून असते, काही डाऊनलोड करायला नको. बाहेरून टाकलेला प्रत्येक ड्रायव्हर त्या फोल्डरमध्ये येतो, ह्याच मशीनवर चालत असलेला, सबसिसशी जुळणारा. ह्याच्यापेक्षा चांगला पॅक त्या लॅपटॉपसाठी दुसरीकडे मिळणं अवघड आहे. नवीन विंडोज टाकल्यावर डिव्हाइस मॅनेजरमध्ये अपडेट ड्रायव्हर करून ते फोल्डर दाखवायचं, सबफोल्डरची टिक ठेवायची, बस. विंडोज चालूच होत नसेल पण डिस्क वाचता येत असेल, तर विंडोज, सिस्टिम ३२, ड्रायव्हरस्टोअर ह्याच्या आतलं फाइल रिपॉझिटरी नावाचं फोल्डर दुसऱ्या मशीनला डिस्क लावून कॉपी करा, त्यानेही काम होतं.

हे काहीच हाती नसेल तर आधी नेट चालू करा. अँड्रॉइड फोन केबलने लावा आणि यूएसबी टेदरिंग, म्हणजे फोनचं नेट केबलने लॅपटॉपला द्यायची सोय, ऑन करा, बहुतेक फोन विंडोज बिनड्रायव्हरचा ओळखतं, फोन दुकानाच्या वायफायवर असेल तर डेटाही जात नाही. मग विंडोज अपडेट, आणि त्यात खाली ऑप्शनल अपडेट्स असतात तेही बघा, ड्रायव्हर बऱ्याच वेळा तिथे लपलेले असतात आणि लोक तिथपर्यंत जातच नाहीत. मग लॅपटॉपच्या खाली जो सीरियल नंबर किंवा सर्व्हिस टॅग असतो तो कंपनीच्या साइटवर टाका. एवढं करून एखादं पिवळं चिन्ह उरलंच तर पॅक काढा, आणि त्यातून तेवढा एकच ड्रायव्हर टाका. त्यासाठी मी स्नॅपी ड्रायव्हर इन्स्टॉलर ओरिजिन वापरतो, फुकट आहे, ओपन सोर्स आहे, जाहिरात नाही, सोबत काही बसवत नाही. त्यात फक्त नेटवर्कचे ड्रायव्हर डाऊनलोड करायचा पर्याय आहे, पेनड्राइव्हमध्ये एवढं असलं तरी रोजचं काम भागतं. आणि काही बसवायच्या आधी रिस्टोअर पॉइंटची, म्हणजे बिघडलं तर आधीच्या स्थितीत परत जायची, टिक करायला विसरू नका.

प्रश्न : आमच्या हायस्कूलला एका कंपनीकडून २२ जुने डेल ऑप्टिप्लेक्स मिळालेत, सगळे एकाच मॉडेलचे. सगळे कोरे करून परत विंडोज टाकायचंय. लॅबमध्ये नेट अगदी स्लो आहे. प्रत्येकावर पॅक चालवू का?
– एक शिक्षिका, जि. नंदुरबार

उत्तर : मॅडम, एकाच मॉडेलचे मिळाले हे फार बरं झालं. डेल, एचपी आणि लेनोवो त्यांच्या ऑफिसवाल्या मॉडेलसाठी अख्खे ड्रायव्हर पॅक स्वतःच फुकट देतात, म्हणजे ऑप्टिप्लेक्स, लॅटिट्यूड, एलिटबुक, थिंकपॅड असले. मोठ्या कंपन्यांच्या आयटीवाल्यांसाठी ठेवलेले असतात म्हणून सहसा कुणाला माहीत नसतात, पण कुणीही घेऊ शकतं. डेलच्या सपोर्टच्या साइटवर मॉडेलचं नाव आणि ड्रायव्हर पॅक असं शोधा, नेट चांगलं असेल तिथून एकदाच डाऊनलोड करून पेनड्राइव्हवर एक्स्ट्रॅक्ट करा. मग प्रत्येक मशीनवर पीएनपीयुटिल, स्लॅश अ‍ॅड-ड्रायव्हर, त्या फोल्डरचा पत्ता आणि शेवटी स्टार डॉट आयएनएफ (आयएनएफ म्हणजे ड्रायव्हर कसा बसवायचा ते सांगणारी फाइल), मग स्लॅश सबडिर्स, स्लॅश इन्स्टॉल. आधी एकाच कॉम्प्युटरवर करा, दोन दिवस मुलांना वापरू द्या, आवाज, यूएसबी, प्रोजेक्टर सगळं लावून बघा, मगच बाकीच्या २१ वर. आणि बायोस, म्हणजे मदरबोर्डमधलं सॉफ्टवेअर, त्याचं अपडेट ह्याच्यात मिसळू नका, लाइट गेली तर बोर्डच जायची भीती, ते इन्व्हर्टर असेल त्या दिवशी वेगळं करा.

प्रश्न : नवीन लॅपटॉपवर, तेराव्या जनरेशनचा आय५ आहे, विंडोज ११ टाकायला गेलो तर सेटअपमध्ये एसएसडीच दिसत नाही. एसएसडी खराब आहे का?
– एक वाचक, पनवेल

उत्तर : बहुतेक एसएसडी ठणठणीत आहे. इंटेलच्या अकराव्या जनरेशनपासून बऱ्याच लॅपटॉपमध्ये व्हीएमडी नावाची, एसएसडी हाताळणारी सोय चालू करूनच देतात, आणि तिचा ड्रायव्हर सेटअपमध्ये नसेल तर डिस्क दिसत नाही. दुसऱ्या कॉम्प्युटरवरून लॅपटॉप कंपनीच्या साइटवरचा इंटेल रॅपिड स्टोरेजचा ड्रायव्हर घ्या, एक्स्ट्रॅक्ट करा, आयएनएफ फाइल दिसली पाहिजे, नुसती सेटअपची ईएक्सई चालत नाही, आणि ते फोल्डर त्याच बूटेबल पेनड्राइव्हवर टाका. डिस्क निवडायच्या पानावर लोड ड्रायव्हर आहे, तिथून ते दाखवलं की एसएसडी लगेच दिसते. बायोसमधून व्हीएमडी बंद करूनही दिसते, पण आतमध्ये जुनं विंडोज आणि डेटा असेल तर ते करू नका, ते विंडोज मग बूट होत नाही. चुकून केलंच असेल तर घाबरू नका, परत चालू करा, आधीसारखं उघडेल.